मदत हवी आहे: पर्जन्यमापक रोज दुप्पट पाऊस दाखवतोय (वडोदरा)

मांजलपूरकर: पर्जन्यमापकाचं कोणाला कळतं का? घाईत आहे. आज सकाळी ८४ मिमी भरला, पेपरात पावणेदोन इंच, म्हणजे साधारण ४४. जूनपासून रोज हेच. नरसाळं साफ आहे, गळती नाही. बाबांनी १९९६ पासून वहीत नोंद ठेवलीये, एका दिवसाचा खाडा नाही. आता ते अंथरुणावर आहेत. चहा घेऊन गेले की पहिला प्रश्न, "किती?" खोटा आकडा सांगायला जीभ रेटत नाही. उद्या साडेआठच्या आत सांगा.

नदीकाठचा: ठेवलाय कुठे, गच्चीवर की अंगणात? भिंत, झाड? अडथळ्याच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर हवं.

मांजलपूरकर: अंगणातच, पहिल्यापासून तिथेच. जागेचा प्रश्न नाहीये हो.

गॅजेटवाला: ताई, जुनं काढून टाका. टिपिंग बकेटवाला बसवा. ०.२ मिमी भरलं की बादली कलंडते, आकडा थेट मोबाईलवर. मी दोन वर्षं वापरतोय.

निवृत्त निरीक्षक: मुसळधार पावसात तोच कमी मोजतो. बादली कलंडत असताना पडणारं पाणी हिशेबात येत नाही. शिवाय आत मुंग्या, कबुतरांची घाण. मी आयुष्यभर काचेच्या मापाने मोजलं.

गॅजेटवाला: काका, त्यासाठी कॅलिब्रेशन असतं. सगळ्यांनी काय रोज भिजत अंगणात जायचं?

निवृत्त निरीक्षक: हो, जायचं.

कॅलगरीची मावशी: आमच्याकडे थंडीत नरसाळं काढून ठेवतात. भांड्यात साठलेला बर्फ वितळवायचा आणि पाणी मोजायचं. ढोबळमानाने १० सेंमी बर्फाचं १ सेंमी पाणी, पण बर्फ भुसभुशीत की ओला, यावर ते खूप बदलतं.

नदीकाठचा: मावशी, प्रश्न पावसाचा आहे. मांजलपूरकर, पेपरातला तालुक्याचा आकडा सकाळी ६ ते ६ असतो, हवामान खात्याचा साडेआठ ते साडेआठ. फरक त्यानेही पडतो. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीला पूर आला तेव्हा आम्ही दोन्ही आकडे पाहत बसायचो. सोसायटीत मगर शिरली होती, मुलं आठवडाभर खाली उतरली नाहीत.

मांजलपूरकर: मगर राहू द्या ना, प्लीज!

निवृत्त निरीक्षक: अडीच तासांच्या फरकाने रोज बरोब्बर दुप्पट होणार नाही. खरं सांगा, काचेचं माप बदललंत का?

मांजलपूरकर: हो, मे महिन्यात धुताना फुटलं. नवीन आणलं. त्याचा काय संबंध?

निवृत्त निरीक्षक: सगळा संबंध त्याचाच! नरसाळ्याच्या तोंडाचा आतला व्यास मोजा, आणि काचेवर काय लिहिलंय ते वाचा.

मांजलपूरकर: व्यास १६ सेंमी. काचेच्या तळाशी बारीक अक्षरांत "१०० चौ. सेंमी".

निवृत्त निरीक्षक: सापडलं. तुमचं तोंड २०० चौ. सेंमीचं. त्यात १ मिमी पाऊस म्हणजे २० मिली पाणी. काच १०० वाल्याची, ती १० मिलीलाच १ मिमी दाखवते. खात्री करायची तर स्वयंपाकघरातल्या मापाने २०० मिली पाणी त्या काचेत ओता. १० यायला हवेत, २० येतील. तुमच्या मापकाची काच मिळेपर्यंत निम्मं करून लिहा. आजचा पाऊस ४२.

गॅजेटवाला: माझ्या यंत्रात ही भानगडच नाही.

मांजलपूरकर: ओतून पाहिलं. बरोब्बर २०! काका, कसे आभार मानू? बाबांना सांगितलं तर म्हणाले, वही इकडे दे. उशी लावून बसलेत, जूनपासूनचा एकेक आकडा स्वतः निम्मा करतायत. हात थरथरतो, पण पेन सोडत नाहीत.

निवृत्त निरीक्षक: त्यांना माझा नमस्कार सांगा. जुना आकडा गिरगटू नका म्हणावं. एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि समासात कारण व तारीख.

मांजलपूरकर: तसंच चाललंय काका. पट्टी घेऊन.