आई ७४ वर्षांची, मोठं आतडं काढायचं म्हणतायत. पिशवी टाळता येईल का? मदत हवी आहे

अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा) जुना आहे. तीन महिने झाले, प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) २० मिग्रॅच्या खाली आणलं की पुन्हा रक्त पडतं. सर्जन पोटावर पिशवी सुचवतायत. त्याऐवजी आतून पाऊच करता येईल का? ऑपरेशन थोडं लांबवलं तर चालेल? घरी काय बघावं लागेल?

प्रतिसाद १
पाऊच म्हणजे लहान आतड्याच्या टोकाची थैली करून ती गुदद्वाराला जोडणं. नीट जमलं तरी दिवसाला पाच-सहा वेळा जावं लागतं, रात्रीही. ती पातळ शी धरायला गुदद्वाराचा स्नायू घट्ट हवा, आणि उतारवयात तो बऱ्याचदा सैल पडलेला असतो. नुसत्या वयावर ठरवू नका, स्नायूची तपासणी मागा. तसंही आज पक्कं करायची घाई नाही: आधी मोठं आतडं काढून इलिओस्टॉमी करतात, म्हणजे लहान आतड्याचं टोक पोटावर काढून त्यावर पिशवी लावतात, आणि गुदाशय (आतड्याचा शेवटचा भाग) ठेवतात. स्टिरॉइड सुटलं, अंगात ताकद आली की पुढचं बघता येतं. मात्र राहिलेल्या गुदाशयातून आव पडते आणि कॅन्सरच्या धोक्यामुळे दुर्बिणीची तपासणी चालू ठेवावी लागते.

ऑपरेशन लांबवू नका, ही कळकळीची विनंती. स्टिरॉइड जितकं लांबतं तितकी जखम भरायला अवघड, जंतुसंसर्ग सोपा. शिवाय त्याने दुखणं झाकलं जातं. आतडं फुटलं तरी म्हातारं माणूस फारसं कण्हत नाही. पोट फुगलं, नाडी वाढली, ताप आला तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. स्टिरॉइड मात्र आपल्या मनाने बंद करू नका.

प्रतिसाद २
पिशवीची जागा ऑपरेशनआधीच पेनाने आखून घ्या, आईंना बसवून, उभं करून आणि आडवं करून. घडीत आली तर कडा सुटते आणि कातडी सोलवटते. त्यांना ती मान वाकवून दिसायलाच हवी. फ्लँजचं (पिशवीची कातडीला चिकटणारी चकती) भोक स्टोमापेक्षा (पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड) २-३ मिमी मोठं कापायचं; पहिले सहा-आठ आठवडे सूज उतरते, म्हणून दर आठवड्याला माप नव्याने घ्या. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा. स्टोमा लालबुंद, ओलसर हवा. काळपट जांभळा पडला तर लगेच फोन.

खरी भीती पाण्याची. पिशवीतून दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं की मीठ वाहून जातं, लघवी कमी होते, मूत्रपिंड दुखावतं. अशा वेळी साधं पाणी पाजत राहिलात तर पिशवी आणखी भरते, ओआरएसच द्या. बीपीच्या आणि लघवीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना त्याच दिवशी विचारा. आणि हळूहळू विरघळणारी एखादी गोळी पिशवीत अख्खी दिसली, तर ते औषध लागू पडत नसेल, डॉक्टरांना विचारून बदलून मागा.