‘झाँसी की रानी’ : अठरापैकी कोणती कडवी गाळायची?

बखरवाचक
सुभद्राकुमारी चौहानांची ही कविता पाठांतर स्पर्धेत पाच-सहा कडव्यांवर आणावीच लागते. कडव्याला अर्धा मिनिट धरला तरी पूर्ण म्हणायला नऊ मिनिटं होतात. माझ्या मते इतिहासात न बसणारी कडवी आधी काढा. ‘निःसंतान मरे राजाजी’ हेच घ्या. गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, नोव्हेंबर १८५३ मध्ये, आनंदरावाला दत्तक घेऊन दामोदरराव नाव ठेवलं. सगळा तंटा त्या दत्तकावरून, आणि कवितेत दामोदर औषधालाही नाही! वर राणीचं वय तेवीस.

हरबोला
पुढचं कडवं वाचलंत का? ‘लावारिस का वारिस बनकर ब्रिटिश राज्य झाँसी आया’. ‘लावारिस’ ही दत्तक नाकारणाऱ्या गव्हर्नर जनरल डलहौसीची भूमिका, सुभद्राबाई तिला टोमणा मारतायत. हे गाळलंत तर राणी लढली कशासाठी, तेच कळणार नाही. वयाचं म्हणाल तर पारसनिसांच्या मराठी चरित्रात जन्मसाल १८३५ आहे. त्या हिशेबाने जून १८५८ मध्ये तेविसावं चालू. १८२८ धरलं तर एकोणतीस.

बखरवाचक
१८३५ धरलं तर १८४२ च्या लग्नात नवरी सात वर्षांची. म्हणून १८२८ जास्त पटतं.

यतिभंग
तुमचं चालू द्या, पण कापताना कडव्याची पाचवी ओळ कुणी उडवू नका. वेळ वाचवायला हमखास तीच जाते. पहिल्या चार ओळींचं यमक बहुतेक कडव्यांत वेगळं असतं. ‘उसको याद ज़बानी थी’सारखी पाचवी ओळ ‘रानी थी’कडे वळवून आणते. ती गेली की ध्रुवपद अधांतरी.

ओळ तीस मात्रांची, १६ वर यती (थांबा) : ‘खूब लड़ी मर्दानी वह तो’ १६, ‘झाँसी वाली रानी थी’ १४. ध्रुवपदातल्या ‘बुंदेले हरबोलों के मुँह’मध्ये आपल्याकडची मुलं ‘मुँह’चं ‘मूंह’ करतात. चंद्रबिंदू नाकात, ‘मुँ’ची मात्रा एकच. दीर्घ केलं की १७ होतात आणि प्रत्येक ध्रुवपदाला ठेच लागते. पहिल्या ओळीत मात्र सोळावी मात्रा ‘राजवंशों’च्या पोटात पडते, तिथे थांबू नये. ‘हिल उठे’वर, अकराव्या मात्रेला श्वास घ्या.

हरबोला
हे पटलं. आणखी एक, ग्वाल्हेरच्या सिंधियांचं (शिंद्यांचं) कडवं काहीजण भिडेखातर वगळतात. १ जून १८५८ ला मुरारजवळ फौज उलटली, जयाजीराव आग्र्याला गेले. ‘छोड़ी राजधानी’ यात खोटं काय?

बखरवाचक
काहीच नाही, ते ठेवाच. लावारिसही ठेवू. पण लेफ्टनंट वाकर राणीशी लढून जखमी होतो, ते कडवं मी काढणारच. तो इंग्रज अधिकारी खरा डाउकर, जखमी झाला भांडेरला, राणी झाशी सोडून काळपीकडे निघाल्यावर. कवितेत तो झाशीच्या मैदानात. आणि ज्या वेढ्याचं वर्णन आत अडकलेल्या गोडसे भटजींनी ‘माझा प्रवास’मध्ये केलंय, त्याला एक कडवं नाही.

यतिभंग
वाकर काढलात तर ‘मर्द बनी मर्दानों में’ही जाईल. ते त्याच कडव्यात आहे.