कोळंबीच्या रोगावर समुद्री शेवाळ चालेल का? बडोद्याच्या मंडळींनी मत द्या

दांडियाबाजारकर: मामेभावाचे सुरतजवळ ओलपाडकडे व्हॅनामेई जातीच्या कोळंबीचे दोन तलाव आहेत. विब्रिओ (कोळंबीला रोग करणारे बॅक्टेरिया) आला की दुकानदार अँटिबायोटिक हातात ठेवतो आणि लोक ते फीडमधे कालवून मोकळे. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरानवर बंदी आहे, युरोपने 2016 मधे आपल्या कोळंबीची तपासणी 10 वरून 50 टक्के मालावर नेली, तरी हेच चालूय. मग ओखा-वेरावळला सारगॅसम, उल्वा ही समुद्री शेवाळं मिळतात, त्यांतले फ्युकॉइडन, उल्वान हे घटक का नाही वापरायचे? कोळंबीत आपल्यासारख्या अँटिबॉडी नसतात त्यामुळे नेहमीची लस तिला चालत नाही, उपजत प्रतिकारशक्तीच जागी ठेवावी लागते, आणि शेवाळाचे हे घटक तेच करतात.

रावपुरा_मायक्रो: प्रतिकारशक्तीचं मान्य, पण याला उपचार म्हणू नका, प्लीज. आजारी कोळंबी आधी खाणं सोडते, मग फीडमधलं औषध तिच्या पोटात जाणार कसं? पाण्यात टाकायचं म्हणाल तर एक हेक्टर तलाव, सव्वा मीटरच्या आत-बाहेर पाणी धरा, सव्वा कोटी लिटरच्या आसपास होतं. लिटरला फक्त 10 मिलिग्रॅम टाकायचं तरी सव्वाशे किलो शुद्ध अर्क लागेल. प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मरतात म्हणून तलावात मरतील असं नसतं हो.

दांडियाबाजारकर: सगळे घटक जंतू मारायलाच असतात असं कुठंय? ऑस्ट्रेलियाच्या डेलिसिया पुल्क्रा या लाल शेवाळातले फ्युरॅनोन जंतूंचं आपसातलं रासायनिक बोलणं तोडतात, मग त्यांचा एकजुटीचा हल्ला ढिला पडतो. मारत नाही म्हणून जंतूंत रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) तयार व्हायचा दबावही कमी, मला तर हीच वाट पुढची वाटते.

रावपुरा_मायक्रो: तेच फ्युरॅनोन डोस वाढला की लहान जिवांना विषारी ठरतात, हेपण लिहा ना.

नवसारी_तलाव: तुमची चर्चा चांगलीय पण आमच्याकडे पांढऱ्या डागांचा रोग आला तरी लोक शेवाळाचा डबा आणतात, तो व्हायरस आहे, ईएचपी तर बुरशीच्या जवळचा परजीवी, बॅक्टेरियावरचं औषध तिथे काय करणार! आधी बियाणाची (तलावात सोडायच्या पिल्लांची) पीसीआर टेस्ट करा, तळाचा गाळ काढा, फीड मोजून टाका. शेवाळ घालायचं तर पहिल्या आठवड्यापासून फीडमधे, रोग आल्यावर नाही. आणि डब्यावर घटक किती टक्के ते छापलेलं नसेल तर विकत घेऊ नका.

दांडियाबाजारकर: पहिल्या आठवड्यापासून, हे पटलं. भावाला सांगतो एका तलावात घालून बघ, दुसरा तसाच ठेव, आणि दोन्हींचा हिशोब वेगळा लिही.