जुने ई-मेमो भरायचे की सहा महिने गप्प बसायचं?

दांडियाबाजारकर:
स्कूटर विकायला काढली, गिऱ्हाईक ठरलं, भाव ठरला, आणि ऑनलाइन बघतो तर गाडीवर पाच ई-मेमो (कॅमेऱ्यावरून फाडलेल्या दंडाच्या पावत्या), तीन हेल्मेटचे नि दोन मंगळबाजारातल्या पार्किंगचे. आपल्या बडोद्यात जो तो म्हणतो भरू नकोस, काही होत नाही. मला हे अजिबात पटत नाही. ठरलेल्या मुदतीत मेमो भरला नाही की तो व्हर्च्युअल कोर्टात, म्हणजे ऑनलाइन कोर्टात, जातो, मग ती नुसती पोलिसांची पावती राहत नाही, केस होते. पार्किंगला लागतं त्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ मध्ये फक्त दंड आहे, जेल नाही, हे मान्य, पण कोर्टाच्या समन्सला गेलाच नाहीत तर वॉरंट निघू शकतं, आणि पाचशे रुपयांपायी एवढं कशाला ओढवून घ्यायचं? मी पाचही भरून टाकले.

मांडवीवाला:
भाऊ, तुम्ही भरलेत म्हणून सगळ्यांनी भरावे का? मांडवीपासून न्यायमंदिरापर्यंत गाडी लावायला जागा दाखवा मला एक. आधी जागा द्या मग मेमो फाडा. आणि कायदा आमच्याही बाजूने आहे, ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे त्याची दखल सहा महिन्यांनंतर कोर्टाला घेता येत नाही, आधी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं कलम ४६८ होतं, १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम ५१४. शिवाय कॅमेऱ्याच्या मेमोसाठी केंद्राने केलेल्या २०२१ च्या नियमाप्रमाणे नोटीस १५ दिवसांत यायला पाहिजे, कॅमेऱ्याच्या आधी बोर्ड पाहिजे, फोटोत नंबर प्लेट, तारीख, वेळ, जागा सगळं दिसलं पाहिजे. मला तर मेमो आलाय हेच वर्षभराने कळलं, मोबाइल नंबर जुना होता. मी का भरू?

कारेलीबागची_ताई:
नंबर अपडेट करणं तुमचंच काम होतं ना पण?

दिवाळीपुरा_कोर्ट:
मी कोर्टातच काम करते म्हणून सांगते. सहा महिन्यांचं कलम खरं आहे, पण लोक ते अर्धंच वाचतात. मुदत मोजताना केस कोर्टात कधी दाखल झाली ते बघतात, जज्जांनी कधी हातात घेतली ते नाही, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्येच हे ठरवलंय. म्हणजे सहा महिन्यांच्या आत मेमो कोर्टात गेला तर तो मुदतीतच आहे, मग तुम्ही वर्षभर वाट बघा की दोन वर्षं. आणि उशीर माफ करायचा अधिकारही कोर्टाला आहे, बीएनएसएस ५१९. तेव्हा मांडवीवाले, तुमचे बोर्डाचे नि नोटिशीचे मुद्दे चांगले आहेत, पण ते घरी बसून कोण ऐकणार? व्हर्च्युअल कोर्टात कॉन्टेस्ट करता येतं, म्हणजे मेमो मान्य नाही असं सांगता येतं, मग केस आपल्या हद्दीतल्या कोर्टात येते, तिथे फोटो मागा, बोर्ड होता का विचारा.

सुरसागर६२:
माझं वेगळंच दुखणं. जुनी अॅक्टिव्हा विकली, घेणाऱ्याने नावावर करून घेतलीच नाही आणि मेमो माझ्या नावाने येतायत, हे वय आहे का माझं सिग्नल तोडायचं! कायद्यात मालक म्हणजे ज्याच्या नावावर रजिस्ट्रेशन तो. विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, मी त्यासाठीच्या फॉर्म २९ वर सही करून त्याच्याच हातात दिला आणि विसरलो. आता तो फोन उचलत नाही.

दिवाळीपुरा_कोर्ट:
काका, विक्रीचा कागद असेल तर तो जोडून कॉन्टेस्ट करा, गाडी कोण चालवत होता ते लिहून द्या, आणि दर्जीपुऱ्याला आरटीओत विक्रीचं आधी कळवा.

मांडवीवाला:
कॉन्टेस्ट करायला दुकान बंद ठेवून तारखेला जायचं, पाचशेच्या मेमोसाठी हजाराचा धंदा बुडवायचा, म्हणून माणूस भरतो, चूक नसली तरी. हे मला खुपतं. पण मुदतीचं तुमचं म्हणणं कळलं ताई. माझे दोन मेमो कोर्टात गेलेत का ते आज रात्री बघतो, आणि ज्याच्या फोटोत जागाच दिसत नाही तो मी लढणार.

दांडियाबाजारकर:
तो फोटो आत्ताच डाउनलोड करून ठेवा.