अनुभव धागा: चौकात सायकलवाल्यानं थांबायचं कुठं?

गोदाकाठची (नांदेड)
काल संध्याकाळी आयटीआय चौकात सिग्नलला थांबले होते. शाळेच्या ड्रेसमधल्या दोघी पोरी सायकलवर आल्या आणि टिप्परच्या अगदी डाव्या अंगाला येऊन थांबल्या. एकीचा पाय फुटपाथच्या कडेला टेकवलेला, हँडलला डब्याची पिशवी, आणि टिप्परचं डावीकडचं इंडिकेटर चालू. ड्रायव्हर बसतो उजवीकडं, केबिन एवढी उंच, डाव्या चाकापाशी लेकरू उभं आहे हे त्याला दिसणार कसं? मी ओरडले, पोरी मागं सरकल्या, सिग्नल सुटला, काही झालं नाही. पण मला दहावीतली मैत्रीण आठवली, परभणीत वसमत रोडला वळणाऱ्या ट्रकच्या मागच्या चाकानं तिची सायकल आत ओढली होती. पाय वाचला तिचा पण परत कधी सायकलवर बसली नाही. आणि सगळे तिलाच म्हणायचे, पोरीनं बघायला पाहिजे होतं. अहो ती सरळ चालली होती, वळला तो! मला त्याचा अजून राग आहे.
तर लिहा. तुमच्या गावात कोणत्या चौकाची भीती वाटते, लेकरांना काय शिकवलंत, आणि कुठं काही सुधारलेलं पाहिलं असेल तर ते नक्की लिहा.

औसारोड
आमच्या लातूरच्या गंजगोलाईला १६ रस्ते येऊन लागतात, बाहेरचा माणूस बघूनच घाबरतो. पण सायकलवर मला तिथं भीती वाटत नाही, खरंच सांगतो. ऑटो, हातगाडे, बाया-माणसं, सगळं इतकं हळू चालतंय की कुणी कुणाला उडवूच शकत नाही. भीती वाटते ती मोठ्या केलेल्या रस्त्यावर. चौकाचे कोपरे एवढे ऐसपैस गोल करून ठेवलेत की गाडी ब्रेक न मारताच डावीकडं घुसते. आणि क्लासची लेकरं सकाळी अंधारातच सायकली घेऊन निघालेली असतात. लई काळजी वाटते बगा.

दोन लेकरांची आई
ताई वाचून काटा आला. मैत्रीण आता कशी आहे?

गोदाकाठची (नांदेड)
बरी आहे, पुण्यात असते. लेकीला सायकल मात्र घेऊन दिली नाही तिनं.

दोन लेकरांची आई
विषय निघालाच आहे तर विचारते, आठवीतल्या मुलीला कोणती सायकल घ्यावी? उंची पाच फूट. गियरची पाहिजे म्हणून हट्ट करतेय.

वाळूज शिफ्ट
संभाजीनगर. जालना रोडचे उड्डाणपूल गाड्यांसाठी चांगलेच आहेत हो, पण पूल उतरतो तिथं बघा कधी. वरून गाडी जोरात येते आणि तिला डावीकडं यायचं असतं, आपण खालच्या रस्त्यानं येतोय आणि आपल्याला सरळ जायचंय. दोघांची फुली बरोबर तिथंच पडते. क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सगळीकडं हेच. मी तिथं मागं वळून बघितल्याशिवाय पायडल मारत नाही.
दुसरं म्हणजे उजवीकडं वळायचं असेल तर मी कधीच मधल्या लेनला जात नाही. आधी सरळ चौक ओलांडायचा, समोरच्या डाव्या कोपऱ्याला थांबायचं, सायकल तिकडं तोंड करून उभी करायची आणि तिकडचा सिग्नल सुटला की निघायचं. वेळ जातो थोडा. जाऊ द्या. पोरालाही हेच शिकवलंय.

माजलगावचा शेतकरी
उसाच्या ट्रॉल्यांचं कुणीच लिहिलं नाही अजून म्हणून लिहितो. हंगामात ट्रॅक्टरमागं दोन दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर चौकातून मोठा वळसा घेऊन जातंय पण मागची ट्रॉली आतून कोपरा कापत येती. सायकलवाल्याला वाटतं गेलं ट्रॅक्टर, आता निघावं, आणि तेवढ्यात दुसरी ट्रॉली त्याच्या अंगावर. रात्री तर ट्रॉली दिसतच नाही, उसाची वाढं बाहेर लोंबकळत असतात त्याच्याखाली लाईट झाकून जातात. आम्ही भावाभावांनी आमच्या ट्रॉल्यांना मागं लाल आणि दोन्ही बाजूला पिवळ्या रिफ्लेक्टर पट्ट्या लावून घेतल्या, खर्च काहीच नाही. सगळ्यांनी लावा कळकळीची विनंती. आणि लेकरांना सांगा, शेवटची ट्रॉली पूर्ण गेल्याशिवाय हलायचं नाही.

वाळूज शिफ्ट
दादा लाख बोललात. यंदा ऊस कसा आहे तिकडं?

माजलगावचा शेतकरी
पाऊस चांगला झाला, ऊस बरा आहे. तोड कधी येती बघू.

नकाशावाला
रस्ता डिझाइनचं काम करतो म्हणून थोडं लांबण लावतो. औसारोड यांनी कोपऱ्याचं म्हटलं तेच मूळ दुखणं आहे. कोपरा जेवढा मोकळा तेवढा वळणाऱ्याचा वेग जास्त, आणि वेग ३० वरून ५० झाला की धडकेतली ऊर्जा पावणेतीन पट होते. नेदरलँड्समध्ये चौकाच्या कोपऱ्यावर एक छोटा उंचवटा बांधतात, गाडीला त्याला वळसा घालून हळूच वळावं लागतं, सायकलवाला त्या उंचवट्याच्या आड थांबतो आणि त्याची थांबायची रेघ गाड्यांच्या पुढं असते. त्यामुळं वळणाऱ्याला तो समोर, काचेतून दिसतो, आरशात शोधावा लागत नाही. सिग्नलही सायकलला काही सेकंद आधी सोडता येतो. तिथंही हे आपोआप झालेलं नाही. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात ३ हजारांवर माणसं रस्त्यावर गेली, त्यात ४०० हून जास्त लेकरं. मग लोक 'लेकरांचे बळी थांबवा' म्हणत रस्त्यावर उतरले. आपल्याकडं इंडियन रोड्स काँग्रेसच्या 'आयआरसी ११' या नियमपुस्तिकेत सायकल ट्रॅक कसा करावा ते छापून ठेवलंय, पण ट्रॅक नेमका चौकाच्या अलीकडं संपतो, जिथं खरी गरज असते तिथंच.

बालाघाट
आम्ही तर शाळेत असताना तासावर भाड्यानं सायकल आणायचो, सीटवर पाय पुरत नाही म्हणून हाफ पायडल, आणि मागं धरायला कुणीतरी मामाचा पोरगा. चौक म्हणजे एक लिंबाचं झाड आणि चहाची टपरी. गाड्याच नव्हत्या!

औसारोड
हाफ पायडल 😄 अन् सायकल वेळेत परत नेली नाही की दुकानदार घरी हजर.

जालन्याची सून
@दोन लेकरांची आई, गियर नको, बिघडलं की दुरुस्तीला हेलपाटे. २६ इंची साधी घ्या, दोन्ही ब्रेक चेक करा, मागं लाल रिफ्लेक्टर आणि घंटी बसवूनच आणा. आणि तालुका सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात असेल तर शाळेत विचारा, ८ वी ते १२ वीच्या मुलींना सायकल मिळते.
आता धाग्यावर येते. आमच्या लेकरांच्या शाळेजवळच्या चौकात आम्ही पालकांनी मिळून निवेदन दिलं होतं. दोनच गोष्टी मागितल्या. एक, कोपऱ्यावरचे वाढदिवसाचे आणि जयंतीचे बॅनर काढा, त्याच्याआड सायकल दिसत नाही. दोन, शाळा भरताना आणि सुटताना फ्री लेफ्ट, म्हणजे सिग्नलला न थांबता डावीकडं वळायची मोकळीक, बंद. बॅनर काढले, पुन्हा लागले, पुन्हा सांगितलं. पण फ्री लेफ्टच्या जागी आता त्या वेळेला बॅरिकेड लावतात आणि वळणारी गाडी थांबतेच थांबते. एवढ्यानं खूप फरक पडला, लेकरं आता घोळक्यानं एकदम निघतात. हवालदार भाऊ पण जीव लावून उभे असतात.

नकाशावाला
हेच! कोपरा अरुंद केला तुम्ही, तेही बांधकाम न करता.

दोन लेकरांची आई
थँक्यू ताई, साधीच घेते.

गोदाकाठची (नांदेड)
जालन्याची ताई, ते निवेदन टाकाल का इथं? आमच्याकडं पण देते. कुणाच्या नावानं द्यायचं, वाहतूक शाखा की महापालिका?

जालन्याची सून
दोन्हीकडं द्या, बॅनर महापालिकेचं काम आणि बॅरिकेड पोलिसांचं. मुख्याध्यापकांचं पत्र जोडा, चौकाचे फोटो शाळा सुटायच्या वेळचे काढा. आणि दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. मजकूर रात्री टाकते, आता भाकरी तव्यावर आहे.