'द गिव्हर': न्याहारीचं स्वप्न-कथन आणि डिसेंबरचा समारंभ यांचा संबंध काय?

पानोपानी:
लोइस लोरी यांच्या 'द गिव्हर' या कडक नियमांच्या समाजावरच्या कादंबरीवर (१९९३) वाचनगटासाठी टिपण काढतोय. रोज सकाळी स्वप्नं सांगणं आणि डिसेंबरात सगळ्या मुलांचं वय एकदम वाढणं, ही दोन सूत्रं मला सुटी वाटतात. ती कुठे जुळतात? आणि नायक जोनासला पुढे स्वप्न सांगायला बंदी का होते?

शाईदौत:
पाचवं प्रकरण सावकाश वाचा, दोन्ही तिथेच जुळतात. स्वप्न सांगणं तिसऱ्या वर्षापासून सक्तीचं. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी अर्थ लावायचा, शेवटी ठरलेल्या शब्दांत आभार मानायचे. जोनासची बहीण लिली अजून सात वर्षांची आहे. आईची सायकल नियम मोडून चालवली आणि पकडले गेलो, असं तिला स्वप्न पडतं. सायकल मिळते नवव्या वर्षी, म्हणजे तिची इच्छा दोन पायऱ्या पुढची. घरचे त्या इच्छेबद्दल अवाक्षर काढत नाहीत. स्वप्नाने तुला सावध केलं, एवढंच म्हणतात.

मग जोनास वृद्धांच्या घरातल्या न्हाणीघराचं, मैत्रीण फिओनाचं स्वप्न सांगतो. आई त्याला थांबवून घेते आणि त्याच दिवसापासून शारीरिक ओढ दाबणारी गोळी सुरू होते. ती रोज सकाळी घ्यायची, थेट म्हातारपणापर्यंत. वयात येण्याची खरी पायरी ही आहे आणि तिचा समारंभ होत नाही. स्वप्न सांगायची सक्ती नसती तर ती कळलीच नसती.

तळटीप:
समारंभातल्या वस्तूही नीट पाहा. चार ते सहा वर्षांच्या मुलांच्या जॅकेटची बटणं पाठीवर, म्हणजे दुसऱ्याच्या मदतीशिवाय ती लागतच नाहीत. सातव्या वर्षी बटणं पुढे येतात. आठव्या वर्षी खिसे मिळतात, सेवेचे तास सुरू होतात आणि उराशी धरून झोपायचं खेळणं काढून घेतात. दहाव्या वर्षी केस कापतात. बाराव्या वर्षी काम नेमून दिलं की पुढे वय कुणी मोजत नाही. देणं आणि काढून घेणं एकाच मंचावर चालतं. टिपणात हे जरूर घ्या.

बंदीबद्दल: बाराव्या वर्षी जोनासला समाजाच्या जुन्या स्मृती एकट्याने सांभाळण्याचं काम नेमून देतात, तेव्हा मिळालेल्या आठ नियमांतला पाचवा तो. वरवर सूट वाटते, पण मला तरी तो समाजाने स्वतःभोवती घातलेला बांध वाटतो. जोनासच्या स्वप्नांत आता बर्फाचा उतार आणि घसरगाडी येणार. ती न्याहारीला सांगितली तर चौघांच्या घरात स्मृती शिरेल.

पानोपानी:
म्हणजे गोळी आणि स्वप्न-कथन मिळून एकच पहारा. मग त्यातून निसटतं कोण?

शाईदौत:
जोनास, पण उशिरा. कुटुंबाची आणि प्रेमाची स्मृती मिळाल्यावर, सोळाव्या प्रकरणाच्या शेवटी तो पहिल्यांदा गोळी घेत नाही. पाचव्या नियमामुळे त्याची स्वप्नं कुणी विचारत नाही, म्हणून हे घरात उघड होत नाही.

तळटीप:
आणि गेब्रियल, जोनासच्या घरी सांभाळायला आणलेलं तान्हं बाळ. तो तीन वर्षांचा झालेला नाही, त्यामुळे त्याला स्वप्न विचारायचा प्रश्नच येत नाही. म्हणूनच जोनास रात्री पाठीवर हात ठेवून त्याला स्मृती देऊ शकतो आणि सकाळी टेबलावर कुणालाच पत्ता लागत नाही.