मदत हवी आहे: एका वर्षात तिसरे बदली प्राध्यापक, सराव पाठांचं प्रत्याभरण (फीडबॅक) कसं सांभाळू?

नमस्कार, मी बी.एड. करतेय, गणित अध्यापन पद्धती. आमच्या मूळ मॅडम सुरुवातीलाच दीर्घ रजेवर गेल्या, त्यांच्या जागी आधी एक सर आले, मग एक मॅडम आणि आता तिसरे सर, तिघंही तासिका तत्त्वावर. तिघांपैकी कुणाबद्दलच तक्रार नाहीये, हे आधीच सांगते.

झालं असं की पहिल्या सरांनी माझा अपूर्णांकांचा पाठ पाहिला. १/२ अधिक १/३ किती विचारल्यावर एका मुलाने २/५ सांगितलं, मी "चूक" म्हटलं आणि लगेच पुढच्याला विचारलं. नंतर सरांनी मला अर्धा तास बसवून समजावलं की त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलाय, आधी विचार ना त्याला कसं काढलंस म्हणून, आणि २/५ तर नुसत्या १/२ पेक्षाही कमी आहे, मग बेरीज एवढी कशी येईल, हे त्याचं त्यालाच दिसू दे. इतकं उपयोगाचं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी पाठाचं टाचण (लेखी नियोजन) बदललं, पूर्ण तयारीने पुढचा पाठ घेतला, तर निरीक्षणाला नव्या मॅडम! त्यांना मागचं काहीच माहीत नाही. फलक लेखन चांगलं असा शेरा दिला आणि टाचणाचा साचा बदलायला सांगितला. आताचे सर फक्त उद्दिष्टांची वाक्यरचना बघतात, बाकी "समाधानकारक".

सूक्ष्मपाठांचंही तेच झालं. १९६३ मध्ये स्टॅनफर्डला ही पद्धत सुरू झाली तीच मुळात छोटा पाठ, लगेच प्रत्याभरण आणि सुधारून परत पाठ अशी. आमच्यात पहिला पाठ एकाने पाहिला नि पुनर्पाठ दुसऱ्याने, मग सुधारलं की नाही हे सांगणार कोण?

एक मात्र आहे, त्या बदली मॅडम इथे येण्याच्या आदल्या महिन्यापर्यंत शाळेत शिकवत होत्या, त्यामुळे वर्ग गोंगाट करायला लागला तर नेमकं काय करायचं हे त्यांच्याकडूनच शिकले. म्हणजे बदली म्हणून कमी असं अजिबात नाही, पण माझी प्रगती सलग बघणारं कुणीच उरलेलं नाही आणि पुढच्या महिन्यात आंतरवासिता (शाळेतली इंटर्नशिप) सुरू होतेय. आताच्या सरांना वाईट न वाटता हे कसं सांगू? विभागप्रमुखांकडे जाऊ का?

प्रतिसाद
मी स्वतः तीन वर्षं असं बदलीवर शिकवलंय म्हणून लिहितो. आम्हाला बऱ्याचदा फक्त अभ्यासक्रम आणि वेळापत्रक मिळतं, कोणता विद्यार्थी कुठे अडलाय हे कुणी सांगत नाही, आणि पुढच्या सत्रात आपण असू की नाही याचीच खात्री नसते. तक्रार म्हणून जाऊ नका. पाठ निरीक्षण वहीत पहिल्या पानावर आतापर्यंतचे शेरे तारखेसह एकत्र लिहा आणि पाठाच्या आधी सरांना म्हणा, "सर, मुलांच्या चुकीच्या उत्तरावर मी काय करते, तेवढंच आज बघाल का?" मला कुणी असं विचारलं असतं तर बरंच वाटलं असतं, निदान काय बघायचं ते तरी कळलं असतं. विभागप्रमुखांकडे जायचंच असेल तर ग्रुपने जा आणि एकच मागा, जाणाऱ्याने येणाऱ्याला प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहून द्याव्यात.

आणि एखादी मैत्रीण ठरवून घ्या जी तुमचा प्रत्येक पाठ बघेल. प्राध्यापक बदलतील, ती वर्षभर असेल.

धागाकर्ती
खूप आभार सर, वहीचं आजच करते. फक्त एक विचारायचं होतं, मैत्रिणीने लिहिलेले शेरे सरांना दाखवलेले चालतील का, की वेगळ्या वहीत ठेवू?